मोटारीचा घसारा धरता, मग पाण्याचा का नाही?

प्रति,
मा. मंत्री, वित्त व नियोजन,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' विधिमंडळात मांडली जाते. आपल्या नियोजन विभागाचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती तयार करतं आणि मेहनतीने करतं, हे ती वर्षानुवर्षं वाचणारा माणूस म्हणून मी सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी पेपरांच्या पहिल्या पानावर मात्र त्या जाडजूड पुस्तकातला एकच आकडा येतो: स्थूल राज्य उत्पन्न किती टक्क्यांनी वाढलं. एक लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचं उद्दिष्ट जाहीर झाल्यापासून तर या आकड्याला जास्तच भाव आलाय. त्या पाहणीत आपण एक रकाना वाढवावा, एवढ्यासाठी हे पत्र. रकाना भूजलाचा.

मी तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवतो. बारावीच्या पुस्तकात 'राष्ट्रीय उत्पन्न' नावाचा धडा आहे. तो शिकवताना दर दोन-तीन वर्षांनी मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो: "सर, बोअर फेल गेली तरी ती उत्पन्नात धरायची का?" धरायची. आता ती कशी धरली जाते ते पाहू.

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागात संध्याकाळी रस्त्यावर उभं राहिलं की टी.एन. म्हणजे तामिळनाडू पासिंगच्या, बोअर घेणाऱ्या जोडगाड्या दिसतात. एकीवर कॉम्प्रेसर आणि मशीन, दुसरीवर रॉड. पाणाडी सकाळीच हातावर नारळ धरून जागा दाखवून गेलेला असतो. रात्री मशीन सुरू होतं. रॉडवर रॉड चढत जातो, राखाडी फुफाटा उडून शेजारच्या कांद्यावर बसतो आणि शेतमालक बाजेवर बसून फूट मोजत राहतो. दर फुटावर असतो आणि जसजसं खाली जाल तसतसा तो टप्प्याटप्प्याने चढतो, केसिंग निराळं. तीनशे फुटांवर 'आता थांबावं का' असा विचार त्याच्या मनात येतो, पण एवढा पैसा घातलाय तर आणखी शंभर, म्हणून गाडी पुढे चालू. साडेचारशेला ओल लागते. सहाशेला दोन इंच पाणी लागतं आणि कुणीतरी नारळ फोडतं. किंवा लागत नाही, आणि मग गाडी पहाटे दुसऱ्या बांधावर जाते.

आता वहीत काय चढलं बघा. बोअर घेण्याचा खर्च बांधकामात गेला आणि शेतीतल्या भांडवलनिर्मितीत मोजला गेला, पाणी लागो अगर न लागो. सबमर्सिबल मोटर, केबल, पाइप कारखानदारीत गेले. दुकानदाराचा नफा व्यापारात, बोअरसाठी काढलेल्या कर्जावरची बँकेची कमाई वित्तीय सेवांत. पाणी लागलंच तर ऊस किंवा डाळिंब शेतीत. इथवर तक्रार करण्यासारखं काही नाही. हे सगळं खरोखर झालं आणि ते मोजायलाच हवं.

पण शेजारच्या बांधावर सात-आठ परसांची जुनी विहीर आहे. आजोबांच्या काळात खोदलेली, दगडी बांधणीची. आपला बहुतेक मुलूख बेसॉल्टचा. या काळ्या कातळात वरच्या झिजलेल्या थरात पाणी मुरतं, त्याखाली फटी-भेगांत थोडंफार उतरतं, आणि पाण्याला सातबारा ठाऊक नसतो. सहाशे फुटांची बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढते. दोन उन्हाळ्यांत शेजारच्या विहिरीचा तळ दिसतो. मग तो शेजारीही गाडी बोलावतो. त्याची बोअर, त्याची मोटर, त्याचं कर्ज असं सगळं पुन्हा त्याच वहीत त्याच रकान्यांत चढतं. जमिनीखालचं पाणी दोघांत मिळून होतं तेवढंच, किंबहुना कमीच. ते वर आणण्याचा खर्च मात्र दुप्पट. आणि हा जादा खर्च आपल्या पाहणीत वाढ म्हणून दिसतो.

दोघांच्या व्यवहारामुळे तिसऱ्याचं नुकसान होतं, त्या नुकसानीची किंमत व्यवहारात कुठेच येत नाही, याला आम्ही वर्गात 'बाह्यता' म्हणतो. आर्थर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० साली सांगितलं की अशा वेळी नुकसानीइतका कर बसवा, म्हणजे करणाऱ्याला खरा खर्च कळेल. पुस्तकात हे उदाहरण धुराड्याच्या कारखान्याचं असतं. आपल्याकडे मात्र धूर नाही, वास नाही, आवाज एका रात्रीचा. नुकसान होणारा आणि करणारा दोघंही शेतकरी, बहुधा एकाच भावकीतले, आणि पुढच्या वर्षी भूमिका उलट. म्हणून हा प्रश्न राजकारणात कधी धड तक्रार म्हणूनही उभा राहत नाही. मोर्चा कुणी कुणावर काढायचा?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून एक समज पक्की आहे: ज्याची जमीन, त्याच्याखालचं पाणी त्याचं. त्या काळी मोटेने पाणी काढायचे, तेव्हा या समजुतीने फारसं बिघडत नव्हतं. बैल थकत होते. महाराष्ट्राने ती बदलायला २००९ चा भूजल अधिनियम केला, तो २०१४ पासून अमलात आला. शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. वर सांगितलेली गाडी दोनशेच्या पुढे किती रॉड घालते, हे महसूल खात्यातल्या शिपायालाही ठाऊक आहे. दोष एकट्या खात्याचा नाही. प्रत्येक बांधावर रात्री पोलीस उभा करता येत नाही आणि करूही नये.

विजेचा मुद्दा टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कृषिपंपांना अश्वशक्तीवर ठोक दराने वीज देण्याची पद्धत आपल्याकडे १९७० च्या दशकापासून आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज पूर्ण मोफत आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. तो निर्णय का झाला, हे मला समजतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात दुसरं काही पडत नसताना विजेचं बिल तेवढं माफ होत असेल, तर कोणत्या तोंडाने विरोध करायचा? पण अर्थशास्त्र म्हणून एक गोष्ट उरतेच. पंपाचा पुढचा तास फुकट असला की पंप थांबवायला कारण उरत नाही. वीज सौरपंपाची असली तरी हेच. पिगूने नुकसानीवर कर सांगितला होता. आपण नुकसानीला अनुदान देतो आहोत. हे बदला अशी मागणी मी या पत्रात करत नाही, कारण ती मान्य होणार नाही हे आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही. निदान याचा परिणाम काय होतो ते दरवर्षी छापा, एवढंच म्हणतो.

मुख्य मुद्दा घसाऱ्याचा. आपल्या पाहणीत दोन आकडे असतात, स्थूल राज्य उत्पन्न आणि निव्वळ राज्य उत्पन्न. स्थूलातून घसारा वजा केला की निव्वळ. आणि ज्या दरडोई उत्पन्नाची इतर राज्यांशी तुलना करून आपण पाठ थोपटून घेतो किंवा हळहळतो, ते निव्वळ उत्पन्नावरूनच काढतात. म्हणजे सहाशे फुटांवर सोडलेली मोटर दरवर्षी किती झिजली, याचा हिशेब आपले सांख्यिकी अधिकारी करतात. मोटर गंजते, वाइंडिंग जळतं, चार-सहा वर्षांत बदलावी लागते, म्हणून ती रक्कम उत्पन्नातून वजा होते. योग्यच आहे. मात्र त्याच मोटारीने उपसलेलं पाणी, जे दहा पावसाळ्यांत साठलं आणि दोन उन्हाळ्यांत गेलं, त्याची झीज शून्य धरली जाते. ऊस मिळकतीत आला, मोटर घसाऱ्यात आली, पाणी कुठेच आलं नाही. घरातलं सोनं मोडून कुणी वर्षाचा खर्च भागवला, तर चुलीपाशी बसलेली आजीसुद्धा त्याला कमाई म्हणणार नाही. राज्याच्या वहीत म्हणतात.

लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' गाडी निघाली आणि सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर कापून लातूरला पाणी पोचवू लागली. सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास. पन्नास वाघिणींची एक फेरी म्हणजे २५ लाख लिटर. रेल्वेने सुमारे चार कोटींचं बिल पाठवलं होतं. ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचं कौतुकच आहे. पण हिशेबात काय झालं? त्याआधीची कित्येक वर्षं मांजरा खोऱ्यात ऊस वाढला, गाळप वाढलं, ते उत्पन्न म्हणून मोजलं गेलं. मग पाणी संपलं. ते आणायला रेल्वे लागली, टँकर लागले, भांडी विकत घ्यावी लागली, तेही उत्पन्न म्हणून मोजलं गेलं. मधली पाणी संपण्याची घटना, जिच्यामुळे हे सगळं घडलं, तिला राज्याच्या उत्पन्नाच्या एकाही तक्त्यात जागा नव्हती. हंड्याच्या रांगेत बायांचे किती तास गेले, हा हिशेब तर आणखी वेगळा. घरातलं बिनपगारी काम सहसा उत्पन्नात धरलं जात नाही, ही रीत जगभरचीच आहे, त्याची तक्रार आपल्याकडे करून उपयोग नाही.

शेततळ्याचं उदाहरण मला याहून जास्त बोचतं, कारण त्यात हेतू चांगला होता. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ ची. पावसाचं वाहून जाणारं पाणी शेतातच अडवावं, ही कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर बसलं आणि ते पावसाने भरण्याऐवजी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरलं जाऊ लागलं. हिवाळ्यात, पाणी असताना उपसायचं आणि उन्हाळ्यात द्राक्षाला, डाळिंबाला द्यायचं. एकट्या शेतकऱ्याच्या बाजूने हे शहाणपणाचंच आहे: माझं पाणी मी जमिनीखाली ठेवलं तर शेजारी नेईल, वर आणून ठेवलं तर ते माझं. पण जमिनीखालचं पाणी उन्हात मांडल्यावर त्याची वाफ होते, आणि अस्तर असल्यामुळे ते परत मुरतही नाही. सामायिक साठ्याची खासगी टाकी झाली, वर गळती आकाशात. आपल्या वहीत ही संपूर्ण घटना भांडवलनिर्मिती म्हणून जमा आहे.

उलट बाजूला जलसंधारण. बांध, नाला खोलीकरण, माथा ते पायथा काम ही खरी सार्वजनिक वस्तू आहे. मुरलेलं पाणी कुणाच्या विहिरीत उतरेल हे ठरवता येत नाही, म्हणून स्वतःच्या खिशातून ते कुणी पुरेसं करत नाही आणि सरकारला करावं लागतं. पाठ्यपुस्तक इथे संपतं. आपली अडचण इथून सुरू होते. जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी लिहिलं की भूजलपातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर राजकीय धुरळा खूप उडाला. मला त्यात कुणा एका पक्षाचा पराभव दिसत नाही. सरकारी पैशाने मुरवलेलं पाणी नाल्याकाठच्या पहिल्या बोअरने ओढलं, तर दुसरं काय होणार? भरण्याचं काम सार्वजनिक आणि उपसण्याचा हक्क खासगी, अशी वाटणी असेल तर कितीही कोटी घाला.

हे थांबवता येतं, याचे पुरावेही आपल्याच राज्यात आहेत. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस घ्यायचा नाही. हिवरे बाजारात सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर बंद झाली आणि गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागलं: पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात. पाऊस कमी झाला तर कोणतं पीक घ्यायचं नाही हे ग्रामसभेत ठरतं. धुळे-नाशिककडची सामूहिक सिंचनाची फड पद्धत तर कित्येक पिढ्यांची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी, आणि त्यांचा १९६५ चा प्रबंध कुठल्या विषयावर होता? लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर. तिथे उपसा इतका झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं; मग उपसणाऱ्यांनीच एकत्र बसून वाटे ठरवले. तिथे काय, हिवरे बाजारात काय, आधी मोजमाप झालं आणि मग करार. किती आहे आणि किती गेलं हे सगळ्यांसमोर आल्याखेरीज कुणी कुणाचं ऐकत नाही.

म्हणूनच मोजमाप हीसुद्धा सार्वजनिक वस्तू आहे, आणि ती फक्त सरकारच देऊ शकतं. सुदैवाने आपल्याकडे ती निम्मी तयार आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलनाही करते. अटल भूजल योजनेत १३ जिल्ह्यांतल्या निवडक ग्रामपंचायतींनी आपापले ताळेबंद मांडले आहेत. दुसरीकडे आपलं संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्न काढतं. पण पातळीची वही एका खात्याच्या कपाटात आणि उत्पन्नाची वही दुसऱ्याच्या, त्यांची गाठ कधी पडत नाही.

रुपयांत किंमत कशी काढणार, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. रास्त प्रश्न आहे. पहिली दोन वर्षं रुपये नकोतच. जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी ऑक्टोबरची पातळी सरासरीच्या किती मीटर वर किंवा खाली, एवढं छापा. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की पातळी चढेल, ती चढही छापा. नंतर पायरीपायरीने किंमत: खोल गेलेल्या पाण्यासाठी लागणारी जादा वीज, विहिरी खोल करण्याचा आणि नव्या बोअरचा खर्च, टँकरचा खर्च. यातला टँकरचा आकडा तरी आपल्याच तिजोरीतून जातो, तो शोधायला समिती लागणार नाही.

हे काही जगावेगळं नाही. केंद्राने नेमलेल्या पार्थ दासगुप्ता समितीने २०१३ मध्येच नैसर्गिक संपत्तीचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नात कसा आणावा याचा आराखडा दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय लेख्यांची नवी प्रणाली स्वीकारली. नैसर्गिक साधनसंपत्ती संपवणं हा उत्पादनाचाच खर्च धरावा आणि लक्ष निव्वळ उत्पन्नाकडे द्यावं, असा तिचा कल आहे. आज ना उद्या दिल्लीहून परिपत्रक येईलच. त्याची वाट का पाहायची? या देशाचं दरडोई उत्पन्न पहिल्यांदा मोजलं ते मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ साठी वीस रुपये. देशातून काय निघून चाललंय ते दाखवायला त्यांना तो आकडा हवा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि अर्थतज्ज्ञ राव यांच्याबरोबर तिसरे होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. निघून जाणाऱ्या गोष्टीची नोंद ठेवण्यात महाराष्ट्राने पहिला नंबर लावावा, ही अपेक्षा काही फार नाही.

विरोध होईल. आपल्या जिल्ह्याचा रकाना लाल दिसला की पालकमंत्री फोन करतील. कारखानदारांना वाटेल की उसावर निशाणा आहे. आणि तो थोडा आहेच, पण शेतकरी ऊस लावतो ते त्याला खात्रीचा भाव फक्त तिथेच मिळतो म्हणून, हेही त्याच पाहणीत लिहा. डाळी आणि तेलबियांना तेवढीच खात्री मिळाली तर पाण्याचा रकाना किती सुधारेल, याचं गणित संचालनालयाला सहज मांडता येईल. खरं तर या रकान्याचा उपयोग शेतकऱ्याला दोष देण्यासाठी झाला, तर मी सगळ्यात आधी त्याविरुद्ध लिहीन.

संपूर्ण राज्यासाठी येत्या पाहणीत जमणार नसेल, तर अटल भूजलच्या १३ जिल्ह्यांपासून सुरुवात करा. दोन खातेप्रमुखांची एक बैठक आणि एक शासन निर्णय, एवढ्यावर हे होण्यासारखं आहे. नवीन पद नको, नवीन पोर्टल तर मुळीच नको. ऑक्टोबरची मोजणी झाली की आकडे नोव्हेंबरात हाती येतील, पाहणी छापायला जाते मार्चमध्ये. वेळ पुरेसा आहे. होकार असो वा नकार, उत्तर जाहीर द्यावं, ही विनंती. नकार असेल तर कारणासह. मी ते वर्गात वाचून दाखवीन.

कळावे,
आपला,
तालुक्याच्या कॉलेजातला अर्थशास्त्राचा एक शिक्षक